युद्धपटांतील हास्य : आमच्या घरांतील एक वाद

दिवाळींत आमच्या घरीं तिघां भावांचीं बिऱ्हाडें एकत्र जमतात. फराळाच्या ताटांभोंवतीं पूर्वीं राजकारण आणि सोन्याचा भाव हे दोनच विषय निघत. मुलें मोठीं झाल्यापासून चित्रपट हा तिसरा विषय त्यांत आला आहे, आणि यंदा त्यानें पहिल्या दोघांस मागें सारलें. वाद घालणारीं दोघें. एक आमचा थोरला पुतण्या, जो व्यवसायानें इंजिनियर व वृत्तीनें चित्रपटवेडा आहे. दुसरी त्याची चुलत बहीण, जी महाविद्यालयांत इतिहास शिकविते. दोघांनींहि तो चित्रपट अनेक वेळां पाहिलेला, दोघेंहि त्याच्या दिग्दर्शकाचीं चाहतीं, आणि तरीहि दोन तासांत त्यांचें एकमत झालें नाहीं. शेवटीं पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हीं जन्मभर मुलांना नाटकें शिकविलींत. आतां तुम्हीच पाहा आणि सांगा." सेवानिवृत्त शिक्षकास कोणी न्यायाधीशाचें आसन देऊं केलें तर तो सहसा नाकारीत नाहीं. आम्हीं दोन रात्रीं बसून तो चित्रपट पाहिला, आणि आमचा निकाल वाचकांपुढें ठेवीत आहों.

चित्रपटाचें नांव 'इन्ग्लोरियस बास्टर्ड्स'. यांतील दुसरा शब्द शिवी आहे, व दोन्ही शब्दांचें इंग्रजी शुद्धलेखन चुकलेलें आहे. ही चूक मुद्दाम केलेली आहे असें आम्हांस सांगण्यांत आलें. आम्हीं तरीहि दोन गुण कापले. १९७८ सालीं एन्झो कास्तेल्लारी या इटालियन दिग्दर्शकाचा एक युद्धपट निघाला होता, त्याच्या इंग्रजी नांवावरून हें नांव घेतलेलें आहे. क्वेंटिन टॅरेंटिनो या अमेरिकन दिग्दर्शकानें बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग येथील जुन्या चित्रपटसंस्थेंत याचें बरेंच चित्रण केलें, आणि मे २००९ मध्यें फ्रान्समधील कान महोत्सवांत तो प्रथम दाखविण्यांत आला. त्यांतील खलनायकाचें काम करणारा ख्रिस्तोफ वाल्ट्झ हा ऑस्ट्रियन नट तोंपर्यंत जर्मन भाषिक जगाबाहेर फारसा कोणास ठाऊक नव्हता. कान येथें त्याला उत्कृष्ट अभिनयाचें पारितोषिक मिळालें आणि २०१० सालीं ऑस्करहि मिळालें.

कथा थोडक्यांत अशी. १९४१ सालीं, जर्मनांनीं व्यापलेल्या फ्रान्समध्यें, हान्स लांडा नांवाचा नाझी अधिकारी दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरीं येतो. त्या घराच्या लांकडी जमिनीखालीं एक ज्यू कुटुंब लपलेलें असतें. त्या कुटुंबांतील शोशाना ही मुलगी तेवढी वांचते, आणि पुढें नांव बदलून पॅरिसमध्यें एक चित्रगृह चालवूं लागते. दुसरीकडे आल्डो रेन हा अमेरिकन लेफ्टनंट ज्यू शिपायांची एक टोळी घेऊन फ्रान्समध्यें उतरतो. नाझी सैनिकांना मारून त्यांच्या डोक्याचें कातडें काढून घेणें हें या टोळीचें काम. १९४४ सालीं शोशानाच्या चित्रगृहांत एका नाझी प्रचारपटाचा पहिला खेळ ठरतो. हिटलर स्वतः यावयाचा असतो. शोशानाचा कट वेगळा, टोळीचा कट वेगळा. एकमेकांस ठाऊक नसतांना दोन्ही कट त्याच रात्रीं तडीस जातात, आणि हिटलर, गोबेल्स व त्यांचा सारा परिवार त्या चित्रगृहांत मरतो.

येथपर्यंत ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवतीनें विचारलें, "अहो, पण हिटलर असा मेला नव्हता ना?" वादाचें मूळ या साध्या प्रश्नांत आहे.

हिटलरनें ३० एप्रिल १९४५ रोजीं बर्लिनमधील भुयारी निवासांत आत्महत्या केली. पुतणीचें म्हणणें असें कीं, साठ लाख ज्यूंची जेथें कत्तल झाली, तेथें कल्पनेचे असले खेळ खेळूं नयेत. आजच्या तरुणांपैकीं पुष्कळांना इतिहास म्हणून जें कांहीं ठाऊक असतें तें चित्रपटांतूनच. ज्यूंनीं हातांत बंदूक घेऊन हिटलरला मारलें असें त्यांना दाखविलें, तर ज्यांना बंदूक मिळाली नाहीं, जीं माणसें मुलाबाळांसह आगगाडीच्या डब्यांत कोंबलीं गेलीं, त्यांच्याविषयीं मनांत काय उरणार? "दादा, उद्यां कोणी विचारील कीं, ते लढले कां नाहींत?" असें ती म्हणाली, आणि क्षणभर सगळेच गप्प झाले. तिचा आक्षेप एकटीचा नाहीं. जोनाथन रोझेनबाम या नामवंत अमेरिकन टीकाकारानें, ज्यूंचा संहार झालाच नाहीं असें म्हणणाऱ्या लोकांच्या जवळ हा चित्रपट नीतिदृष्ट्या जाऊन बसतो, असा कठोर अभिप्राय दिला होता.

पुतण्याचें उत्तर असें कीं, आजीच्या गोष्टीची सुरुवात जशी 'एके काळीं' अशी होते, तशीच या चित्रपटाच्या पहिल्या प्रकरणाची होते. दिग्दर्शकानें आरंभींच सांगून टाकलें आहे कीं ही कहाणी आहे. मग फसवणूक कोणाची झाली?

या बाबतींत आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं विचार करून ठेवलेला आहे. महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत दुर्वासाचा शाप नाहीं. तो कालिदासानें घातला, आणि दुष्यंताचें विस्मरण क्षम्य केलें. नवव्या शतकांत काश्मीरमध्यें होऊन गेलेला आनंदवर्धन स्पष्ट सांगतो कीं, कवीनें कथेचा दास होऊं नये; रसास प्रतिकूल असा भाग गाळावा आणि अनुकूल असा नवा कल्पावा. येथें पुतण्याची बाजू भक्कम होते. परंतु तोच आनंदवर्धन लगेच बजावतो कीं, रामायणासारख्या ज्या कथांचा रस लोकांच्या मनांत सिद्ध झालेला आहे, त्यांत त्या रसाच्या विरुद्ध जाणारी स्वेच्छा चालवूं नये. येथें पुतणी जिंकते. म्हणून पाहावयाचें तें एवढेंच कीं, या इतिहासाचा सिद्ध रस जो करुण, त्याचा या चित्रपटानें उपहास केला आहे काय?

आमच्या मतें केलेला नाहीं. छळछावण्यांकडे हा चित्रपट वळतच नाहीं. ज्या एकाच ठिकाणीं निरपराध ज्यू मारले जातात, त्या पहिल्या प्रकरणाच्या शेवटीं, हंसूं येण्याजोगें कांहींहि शिल्लक ठेवलेलें नाहीं. ज्यू लढलेच नाहींत हेंहि खरें नव्हे. जर्मनी व ऑस्ट्रियांतून पळून आलेल्या, जर्मन बोलणाऱ्या ज्यू तरुणांची एक गुप्त तुकडी ब्रिटिशांनीं १९४२ सालीं उभी केली होती, आणि तिनें रणांगणावर मोठी कामगिरी बजावली. हिटलर त्यांच्या हातीं लागला नाहीं, एवढेंच. त्याला कोणत्याहि न्यायालयापुढें उभें राहावें लागलें नाहीं, ही सल जगाच्या मनांत राहिली, आणि या चित्रपटाचा जन्म त्या सलींतून आहे. पहिल्या मुद्द्यावर आम्ही पुतण्याच्या बाजूनें निकाल देतों.

आतां ज्या गुणामुळें आमच्यासारख्या भाषेच्या शिक्षकास हा चित्रपट विसरतां येणार नाहीं, त्याकडे वळूं. यांत जर्मन मनुष्य जर्मन बोलतो, फ्रेंच मनुष्य फ्रेंच बोलतो, आणि माणसाचा जीव त्याच्या उच्चारावर टांगलेला असतो. इतर युद्धपटांत शत्रूहि अस्खलित इंग्रजी बोलतात. येथें संवादांचा मोठा भाग इंग्रजींत नाहींच. पहिल्या प्रकरणांत लांडा त्या शेतकऱ्याशीं बराच वेळ फ्रेंचमध्यें बोलतो, मग आपलें फ्रेंच संपलें असें सांगून विनयपूर्वक इंग्रजीवर येतो. प्रेक्षकास वाटतें, ही चित्रपटवाल्यांची नेहमींचीच सोय. थोड्या वेळानें कळतें कीं, जमिनीखालच्या माणसांना इंग्रजी समजत नव्हतें, आणि त्यांच्या मरणाचा सौदा त्यांच्या डोक्यावर, त्यांना न कळणाऱ्या भाषेंत चालला होता. भाषेचा इतका भयंकर उपयोग आम्हीं दुसऱ्या कोणत्याहि नाटकांत पाहिलेला नाहीं. पुढें एका तळघरांतील दारूच्या गुत्त्यांत जर्मन वेष घेतलेला इंग्रज हेर तीन पेले मागवितांना मधलीं तीन बोटें वर करतो. जर्मन मनुष्य अंगठ्यापासून मोजतो. तेवढ्यावरून त्याचें सोंग उघडें पडतें, आणि थोड्याच वेळांत तळघरांत प्रेतांचा खच पडतो.

हास्य आणि भय हे एकत्र नांदत नाहींत असा शास्त्राचा दंडक आहे. विश्वनाथानें साहित्यदर्पणांत हास्याचे विरोधी म्हणून भयानक व करुण यांचीं नांवें घेतलीं आहेत. परंतु विरोधी रसांचे आश्रय निराळे ठेवले तर ते एकत्र आणतां येतात, अशी सवड आनंदवर्धनानें दिली आहे. पहिलें प्रकरण हें त्याचें उत्तम उदाहरण होय. शेतकरी आपली साधी चिलीम ओढीत असतो, तेव्हां लांडा खिशांतून एक अवाढव्य, वांकडी चिलीम काढतो. ती पाहून हंसूं आवरत नाहीं. विनोद सारा लांडाच्या ठिकाणीं, भय सारें शेतकऱ्याच्या ठिकाणीं, आणि प्रेक्षक दोहोंच्या मधोमध. लांडा दुधाचा पेला एका दमांत पितो आणि दुधाची तारीफ करतो, तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "दूध पिणाऱ्याची इतकी भीति मला कधीं वाटली नव्हती." रसशास्त्रावर आम्हीं वर्षानुवर्षें दिलेल्या व्याख्यानांपेक्षां हें वाक्य अधिक नेमकें आहे, हें आम्ही कबूल करतों.

आतां दुसरा आणि अधिक अवघड मुद्दा. टोळीनें चालविलेली हिंसा हंसत हंसत पाहावयाची काय?

डॅनियल मेंडेलसन या अमेरिकन लेखकाच्या आप्तांपैकीं सहा जण या संहारांत मारले गेले. त्यांच्या शोधावर त्यानें एक मोठा ग्रंथ लिहिलेला आहे. या चित्रपटाबद्दल त्यानें २००९ सालीं लिहिलें कीं, सूडाच्या समाधानासाठीं यांत ज्यूंनाच नाझींसारखें करून सोडलें आहे. उलट रॉजर ईबर्ट यानें आपल्याजवळचे चारहि तारे या चित्रपटास देऊन टाकले. दोघेहि समंजस लिहिणारे. दोघांनींहि तीच दृश्यें पाहिलेलीं.

पुतण्या म्हणतो, दिग्दर्शकास हें ठाऊक होतें, आणि पुरावा म्हणून तो शेवटचें प्रकरण दाखवितो. शोशानाच्या चित्रगृहांत जो प्रचारपट चालू आहे, त्यांत एक जर्मन नेमबाज मनोऱ्यावरून शत्रूचे शिपाई एकामागून एक टिपीत असतो. पडद्यावर माणूस पडला कीं प्रेक्षागृहांतले नाझी हंसतात, टाळ्या वाजवितात. हिटलर आनंदानें डोलतो. आपल्याला त्यांची किळस येते. मग आग लागते, गोळ्या सुटतात, तेच नाझी किंकाळ्या फोडीत एकमेकांस तुडवितात, आणि आपल्या चित्रगृहांत आपण टाळ्या वाजवितों. "काका, मी पहिल्यांदां पाहिला तेव्हां वाजविल्या होत्या," पुतण्या म्हणाला. "घरीं आल्यावर लाज वाटली. ती लाज वाटावी म्हणूनच तें दृश्य आहे." पुतणीनें तात्काळ विचारलें, "दादा, तुला वाटली. त्या चित्रगृहांत आणखी कितीजणांना वाटली?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं, कारण दोघांचेंहि खरें आहे. प्रेक्षकास आरसा दाखवितां येतो. त्यानें त्यांत पाहावेंच अशी सक्ति करतां येत नाहीं.

नाझींची थट्टा करणारा हा पहिला चित्रपट नव्हे, आणि असला वादहि पहिला नव्हे. चार्ली चॅप्लिननें १९४० सालीं 'द ग्रेट डिक्टेटर' काढून हिटलरला जगाच्या हंशाचा विषय केलें. पुढें १९६४ सालीं आत्मचरित्रांत त्यानें लिहिलें कीं, छळछावण्यांतील खरा प्रकार त्या वेळीं ठाऊक असता, तर हा चित्रपट आपल्या हातून झाला नसता. अर्न्स्ट लुबिच हा बर्लिनमध्यें जन्मलेला ज्यू दिग्दर्शक. त्यानें १९४२ सालीं वॉर्सातील एका नाटक मंडळीवर 'टु बी ऑर नॉट टु बी' हा विनोदी चित्रपट काढला, तेव्हां पुष्कळांनीं तो अभिरुचीला सोडून आहे म्हणून नाकें मुरडलीं. आज त्याची गणना उत्तम विनोदी चित्रपटांत होते. परंतु या दोघांचें हास्य जिवंत, बलाढ्य शत्रूवर होतें; त्यांत धाडस होतें. साठ वर्षांहून अधिक काळापूर्वीं मेलेल्या शत्रूवर हंसावयास तेवढें धाडस लागत नाहीं. त्याला दुसरें कांहीं कारण असावें लागतें.

खऱ्या सूडाची एक हकीकत पुतणीनें सांगितली, ती येथें देणें अवश्य आहे. युद्ध संपल्यावर अब्बा कोव्हनेर या कवीच्या नेतृत्वाखालीं ज्यू तरुणांचा एक गट सूड घेण्यासाठीं जमला. एप्रिल १९४६ मध्यें त्यांनीं न्यूरेंबर्गजवळ कैदेंत असलेल्या नाझी सैनिकांच्या पावांना सोमल फांसला. दोन हजारांवर कैदी आजारी पडले. त्यामुळें कोणी मेल्याचें सिद्ध झालें नाहीं. त्या गटांतील अनेकांनीं पुढें संसार थाटले, मुलेंबाळें वाढविलीं. चित्रपटांतील सूडाला ज्वाळा आहेत, संगीत आहे. खऱ्या सूडाला पावाच्या भट्टीची काळोखी रात्र होती, आणि दुसऱ्या दिवशीं जग होतें तसेंच होतें. हें ऐकल्यावर चित्रगृहांतील ती आग आम्हांस पूर्वींसारखी पाहवेना.

आतां आमची स्वतःची एक आठवण. आमच्या लहानपणीं शाळेंत कवायतीचे मास्तर होते. ते मराठा पलटणींतून दुसऱ्या महायुद्धांत इटलींत लढून आलेले. त्याच मोहिमेंत यशवंत घाडगे यांना १९४४ सालीं मरणोत्तर, व नामदेव जाधव यांना १९४५ सालीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हें वाचकांस ठाऊक असेलच. आमच्या मास्तरांना पदक मिळालें नव्हतें. 'पुढें चल' म्हणावयाचें तेथें ते आम्हां मुलांना 'आव्हांती!' म्हणत, आणि आम्ही हंसत असूं. या चित्रपटांत आल्डो रेन इटालियन असल्याचें सोंग आणून अत्यंत गांवठी इटालियन बोलतो. तो हंशाचा प्रसंग पाहतांना आम्हांस मास्तरांचा आवाज ऐकूं आला.

मास्तर युद्धाच्या गोष्टी नेहमीं विनोदानें सांगत. त्यांतली आमची आवडती गोष्ट खेंचराची होती. डोंगरावर शिधा नेतांना तोफेचा गोळा जवळ पडला, पिठानें लादलेलें खेंचर गडगडलें, पोतीं फुटलीं, आणि सगळी तुकडी नखशिखांत पांढरी झाली. एकमेकांकडे पाहून सगळे पोट धरधरून हंसले, असें सांगून ते थांबत, आणि आम्हीहि पोट धरधरून हंसत असूं. पुढें आम्ही त्याच शाळेंत शिक्षक झालों. मास्तर निवृत्त झाले त्या संध्याकाळीं शिक्षकांच्या खोलींत आम्हीं तीच गोष्ट पुन्हा सांगा म्हणून आग्रह केला. त्यांनीं सांगितली, पण त्या दिवशीं ते नेहमींच्या जागीं थांबले नाहींत. म्हणाले, "सगळे हंसलों. एकटा हंसेना. पिठांत माखून तसाच दगडाला टेकून बसला होता. आम्हीं त्याच्यावरहि हंसून घेतलें, आणि मग जवळ गेलों." एवढें बोलून त्यांनीं छत्री उचलली व ते घरीं गेले.

सैनिक युद्धाची गोष्ट विनोदानें कां सांगतो, हें आम्हांस त्या दिवशीं समजलें. तो विनोद असत्य नसतो. तो गोष्टीचा अर्धा भाग असतो. युद्धावरचें विनोदी नाटक किंवा चित्रपट पारखावयाचा झाला, तर आम्ही हीच कसोटी लावूं. दुसरा अर्धा भाग त्यानें सांगितला आहे काय? हंसणाऱ्यास दगडाजवळ नेलें आहे काय?

या कसोटीस हा चित्रपट कांहीं ठिकाणीं पूर्ण उतरतो. तळघरांतील गुत्त्यांत एक जर्मन सार्जंट आपल्याला नुकताच मुलगा झाला म्हणून आनंदानें पीत असतो. गोळीबारांतून तो वांचतो, टोळीच्या शब्दावर विश्वासून बंदूक खालीं ठेवतो, आणि आपल्याच बाजूच्या गुप्तहेर स्त्रीच्या हातून मारला जातो. टोळीच्या तावडींत सांपडलेला दुसरा एक सार्जंट साथीदारांचा ठावठिकाणा सांगावयाचें नाकारून निर्भयपणें मरण पत्करतो. मरण रंगभूमीवर दाखवूं नये असा भरताचा नियम असतांहि भासानें 'ऊरुभंगा'त मांड्या मोडलेल्या दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर मरूं दिलें, आणि त्या मरणांत शत्रूचें माणूसपण दाखविलें. त्याची आठवण व्हावी असे हे प्रसंग आहेत.

परंतु त्याच दुसऱ्या सार्जंटचें डोकें दांडक्यानें फोडलें जातें तेव्हां टोळी टाळ्या पिटते, आणि चित्रपटहि त्यांच्यांत सामील होतो. अखेरच्या दृश्यांत तर आल्डो लांडाच्या कपाळावर सुरीनें नाझी चिन्ह कोरतो आणि आपल्या कारागिरीवर खूष होतो. दिग्दर्शकहि त्याच्या बरोबरीनें खूष झालेला दिसतो. ज्या चित्रपटानें पंधरा मिनिटांपूर्वीं आपल्याला टाळ्यांची लाज वाटावयास लाविली, तोच आतां आपल्याकडे टाळी मागतो. लांडास शिक्षा व्हावयास नको होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गोष्ट हंशावर थांबली. मास्तर ज्या जागीं एरवीं थांबत त्याच जागीं.

तेव्हां आमचा निकाल असा. इतिहास बदलला हा आरोप फेटाळण्यांत येत आहे. भाषेच्या उपयोगाबद्दल व पहिल्या प्रकरणाबद्दल चित्रपट प्रथम वर्गांत उत्तीर्ण. हिंसेच्या हास्याबद्दल पुतणीचा आक्षेप अंशतः मान्य. शेवटच्या दृश्यापुरता पूर्ण मान्य.

निकाल ऐकून पुतण्यानें अपील करण्याचा मानस बोलून दाखविला. पुतणी मात्र गप्प होती. थोड्या वेळानें तिनें विचारलें, "काका, तुमच्या मास्तरांचें लिहून ठेवलेलें कांहीं आहे का?" नाहीं, म्हणून आम्ही उत्तरलों. त्यांच्या घरीं सध्यां कोण असतें, त्यांची कागदपत्रें, एखादें पत्र, फोटो कांहीं मिळेल काय, हें चौकशी करून कळविण्याचें आम्हीं तिला कबूल केलें आहे.

वाचकांपैकीं ज्यांना हा चित्रपट पाहावयाचा असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा, मात्र लहान मुलें निजल्यावर. रक्तपात फार आहे. आणि शक्य असेल तर एकट्यानें पाहूं नये. घरांतल्या दोन पिढ्यांनीं मिळून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं, आपण कोठें हंसलों आणि कां, हें एकमेकांस विचारावें.